ओढ्याचं पाणी ३५० मीटर पाटाने टर्बाइनपर्यंत आणायचंय: उतार, माप, सांडवे याबद्दल सल्ला हवा

पोलादपूरकर_मुलुंड

नमस्कार मंडळी. गाव पोलादपूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. आमच्या गावच्या मुंबई मंडळाने छोटं जलविद्युत युनिट बसवायचं ठरवलंय. दिवसा पिठाची चक्की, रात्री देवळाचे आणि वाडीतल्या रस्त्याचे दिवे, एवढाच हेतू.

जागेची माहिती देतो. गावाच्या वर ओढ्यावर जुना दगडी बंधारा आहे. तिथून डोंगराच्या कडेकडेने ३५० मीटर पाट काढला की तो चक्कीच्या जागेच्या बरोबर डोक्यावर येतो, तिथून खाली ४५ मीटर पाइप. बंधारा ते चक्की उंचीचा फरक मोबाइलच्या अ‍ॅपवर १९ मीटर दिसतो. ऑक्टोबरअखेर २०० लिटरचा पिंप ५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ४० लिटर. पोफळीच्या बागेला जाणारा जुना मातीचा पाट अर्ध्या वाटेपर्यंत आहे, पण बुजलाय. जमीन बहुतेक जांभ्याची, मध्ये ४०-५० मीटरचा पट्टा भुसभुशीत, दरवर्षी थोडा थोडा खचणारा.

विचारायचंय ते असं. पाटाला उतार किती द्यावा? कंत्राटदार म्हणतो १०० मीटरला १ मीटर, "पाणी जोरात येईल". चिरा बांधून गिलावा करायचा की जुना मातीचाच साफ करून वापरायचा? की पाटाची कटकटच नको, सरळ पाइप टाकावा? आणि पावसाळ्यात हे सगळं दरवर्षी वाहून जाणार असेल तर तेही आत्ताच सांगा. जानेवारीत काम काढायचंय.

---

स्थापत्य_डोंबिवली

कंत्राटदाराला एवढंच विचारा की पाटातल्या जोराचं तो करणार काय. टर्बाइनला ताकद मिळते ती पाइपमधल्या उंचीतून. १०० ला १ उतार दिला तर ३५० मीटरवर साडेतीन मीटर उंची गेली. त्या बदल्यात पाटात वेग मिळेल सेकंदाला १.१ मीटर, आणि त्या वेगात उंचीच्या हिशेबाने साठलेली ताकद आहे फक्त ६ सेंमीची. तीही पाइपच्या तोंडाशी कुंडात पाणी संथ झालं की संपते. साडेतीन मीटर देऊन सहा सेंमी घ्यायचा हा व्यवहार आहे.

४०० ला १ धरा. ३० सेंमी रुंद चौकोनी पाट, आतून गुळगुळीत गिलावा (वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रातला खडबडीतपणाचा आकडा ०.०१५), पाण्याची खोली २० सेंमी: वेग ०.६५ मीटर, प्रवाह ३९ लिटर. तुमचं काम झालं, आणि उंची गेली फक्त ८८ सेंमी.

आता गिलाव्याचं. तोच पाट, तोच उतार, पण चिरा उघडा ठेवला तर खडबडीतपणा ०.०२५ च्या घरात जातो आणि त्याच ४० लिटरसाठी पाणी ३० सेंमी उंच चालतं. वर मोकळा काठ किमान १५ सेंमी हवाच, म्हणजे भिंत ३५ ऐवजी ४५ सेंमीची. गिलाव्याचे वाचवलेले पैसे चिऱ्यात जातात, वर गळती मोफत.

मातीचा पाट चुकीचा नाही, स्वस्त आहे आणि दुरुस्ती गावातले लोक करतात. पण त्यात वेग ०.३ मीटरच्या खाली गेला की गाळ बसतो, साधारण ०.५-०.६ च्या वर गेला की दुमट माती कापायला लागते, त्यामुळे पाट रुंद करावा लागतो आणि कडेच्या उतारावर तेवढी जागा नसते. जांभ्यात तर गळतीच जास्त. खात्री करायची असेल तर जुन्या पाटाचा १० मीटरचा तुकडा दोन्ही बाजूंनी मातीने बंद करा, आधी तासभर भिजवा, मग २० सेंमी भरून घड्याळ लावा. ३० सेंमी रुंदीच्या पाटात तासाभरात ते २० सेंमी उतरलं, तर ३५० मीटरवर सेकंदाला जवळपास ६ लिटर जमिनीत चाललंय. ऑक्टोबरात ते चालून जाईल, डिसेंबरात तेवढंच अर्धं पाणी असेल.

गिलाव्याचा अंदाज: आतलं क्षेत्र मीटरला एक चौरस मीटर, म्हणजे ३५० चौ.मी. १:४ चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), दोन हातांत २० मिमी. सिमेंट ५० ते ५५ गोणी, वाळू सव्वासात घनमीटर, नासधूस वेगळी. खाली १:३:६ चा (सिमेंट, वाळू, खडी) १०० मिमी कोबा. दर ५ मीटरला आरपार सांधा सोडून तो डांबराने भरा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात पाट स्वतःच आपले सांधे पाडतो, हवे तिथे नाही, नको तिथे. पाणी मारणं निदान १० दिवस. डोंगरावर गिलावा सुकतो चटकन आणि वर पाणी नेऊन मारायचा सगळ्यांना कंटाळा येतो, बहुतेक भेगांचं मूळ तिथेच असतं.

---

लेव्हल_आणि_नळी

वरच्या हिशेबाच्या आधी दोन आकडे दुरुस्त करून घ्या, दोन्ही कच्चे आहेत.

मोबाइलची उंची विसरा, डोंगराच्या कुशीत ती दहा मीटरनेही हुकते. पाण्याने भरलेली नळी आणि खालच्या टोकाला प्रेशर गेज, एवढ्यावर काम होतं. १ बार म्हणजे १०.२ मीटर. १९ मीटरला गेज १.८६ दाखवेल, म्हणून ० ते २.५ बारचा घ्या, ० ते १० चा नको, काटा वाचताच येत नाही. नळी वरून भरा, हवा पूर्ण निघू द्या, पाणी थांबल्यावर वाचा. एवढी लांब नळी नसेल तर टप्पे पाडून बेरीज करा. नळी, गेज, जोड सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात एका फेरीत मिळतं.

पिंपाचं मापही सोडा. पाच सेकंदांत एक सेकंद इकडेतिकडे झाला की २० टक्के चूक, शिवाय अर्धं पाणी पिंपाबाहेरून जातं. बंधाऱ्याच्या वर फळी किंवा पत्रा आडवा घालून त्यात काटकोनी त्रिकोणी खाच पाडा. कड बारीक घासा, पाणी खाचेतून सुटं पडलं पाहिजे, पत्र्याला चिकटून ओघळायला नको. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेवर नाही, मीटरभर मागे, कारण खाचेजवळ पाणी झुकलेलं असतं. १० सेंमी म्हणजे ४.४ लिटर, १५ म्हणजे १२, २० म्हणजे जवळपास २५, २४ म्हणजे ३९. वेगळं माप आलं तर सूत्र: उंची मीटरमध्ये, तिचा अडीचवा घात, गुणिले १.३८, उत्तर घनमीटरमध्ये.

आणि हे एकदा मोजून भागत नाही. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी गावातल्या कुणाला तरी वहीत लिहायला सांगा. ऑक्टोबरच्या पाण्यावर टर्बाइन निवडलं की डिसेंबरात ते अर्धपोटी फिरतं आणि अर्धपोटी टर्बाइनची कार्यक्षमताही पडते.

पाटाची आखणी पारदर्शक नळीने करता येते. ४०० ला १ म्हणजे ५ मीटरला साडेबारा मिमी. पण ३५० मीटरला ७० वेळा नळी लावणार, दर वेळी त्याच बाजूला २ मिमी चुकलात तर १४ सेंमी जमतात आणि पाटाचा उतार ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त होतो. जाताना एक, येताना एक, दोनदा मोजा. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) एक दिवस भाड्याने मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

---

पोलादपूरकर_मुलुंड

खूप आभार. खाच लावायला आजच गावात फोन केला.

कंत्राटदाराच्या नकाशात सांडवा एकही नाही. त्याचं म्हणणं, बंधाऱ्याशी लोखंडी दार दिलंय, पाणी वाढलं की दार खाली करायचं, सांडवे हा फुकट खर्च. हे बरोबर आहे का?

---

पाटबंधारे_निवृत्त

नाही. आणि तुमच्या चौथ्या प्रश्नाचं, दरवर्षी वाहून जाईल का याचं उत्तर नेमकं इथे आहे. उतार थोडा चुकला तर वीज थोडी कमी मिळते. जास्तीच्या पाण्याला वाट ठेवली नाही तर पाटच जातो, आणि जाताना खालचा डोंगर घेऊन जातो. पैसे कमी पडले तर गिलावा पुढच्या वर्षी करा, सांडवे आधी.

हिशेब मांडतो. दाराखालची फट ३० सेंमी रुंद, २० उंच. बंधाऱ्यातलं पाणी पाटातल्या पाण्यापेक्षा ६ सेंमी वर असेल तर त्यातून ४० लिटर जातं. ओढ्याला पूर आला, फरक १ मीटर झाला, की त्याच फटीतून १६० लिटर घुसतं. चौपट. हे जुलैत रात्री दोन वाजता होतं आणि तेव्हा दार खाली करायला डोंगरावर कोणी जात नाही, जाऊही नये. पोलादपूरचा पाऊस कंत्राटदाराला कोणी सांगायला नको.

म्हणून पहिला सांडवा दारापासून १० मीटरच्या आत, जिथून पाणी सरळ ओढ्यात परत जाईल तिथे. पाटाची ओढ्याकडची भिंत नेहमीच्या पाण्याच्या पातळीला, म्हणजे २० सेंमीला कापायची. जास्तीचं १२० लिटर, त्यावरून १० सेंमी उंचीने जायला समोरून येणाऱ्या पाण्याला २.४ मीटर लांबी पुरते. पण हे पाणी बाजूने वळणार आहे, सांडव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत उंची कमी होते, म्हणून ४ मीटर ठेवा. त्याच्या लगेच पुढे पाट थोडा अरुंद करणारा दगडी अडसर घाला, आणि त्याच्या वर आडवी तुळई: पाणी २५ सेंमीच्या वर गेलं की तुळईला अडतं आणि मागच्या सांडव्यावर चढतं. ही तुळई नसली की सांडवा असूनही पाणी पुढेच पळतं, आणि लोक म्हणतात सांडव्याने काही होत नाही.

शेवटचा सांडवा पाइपच्या तोंडाच्या कुंडावर, आणि तो पूर्ण ४० लिटरचा. चक्की बंद केली, पट्टा सुटला, जाळी पानांनी भरली, कारण काहीही असो: पाटात ३५० मीटर मागून पाणी येतच राहणार. त्याला तिथून जायची वाट नसेल तर ते पाटाच्या सगळ्यात खालच्या काठावरून जातं, आणि असा काठ नेहमी भरावावर असतो. या सांडव्याचं पाणी मोकळ्या मातीवर सोडू नका. पायऱ्या पायऱ्यांचा दगडी उतार करून चक्कीपासून दूर, ओढ्यापर्यंत न्या. सिमेंटच्या एका पायरीखाली पाणी शिरलं की अख्खी रांग उलटते, म्हणून दर तीन-चार पायऱ्यांना जमिनीत खोल गेलेला दगड.

मधे एक सांडवा खचणाऱ्या पट्ट्याच्या अलीकडे. तिथे खालून उघडणारी मोरीही ठेवा, १५० मिमी पुरे, म्हणजे पट्ट्यात काही झालं तर पाणी अलीकडेच काढता येईल.

आणि डोंगरावरून येणारे छोटे ओघळ. उन्हाळ्यात ते दिसत नाहीत, त्यामुळे आखणीत सुटतात. जुन्या लोकांना घेऊन पाटाच्या ओळीवर चाला, ते बोट दाखवून सांगतील. प्रत्येक ओघळ पाटाच्या वरून न्या: तेवढ्या भागावर ७५ ते १०० मिमीचा सळईचा स्लॅब, वर दगडी पसारा. ओघळाचं पाणी पाटात घेणं म्हणजे त्याचे धोंडे, माती आणि पानंही घेणं. वरच्या बाजूने दीड-दोन मीटर सोडून एक आडवं गटारही काढा, म्हणजे डोंगराचं पाणी पाटाच्या पाठीशी मुरत नाही. खचणाऱ्या पट्ट्यात या गटाराशिवाय दुसरं काहीही टिकत नाही.

---

पाइप_आणि_व्हॉल्व्ह

निवृत्त साहेबांचं सगळं मान्य, पण मग पाइपच का नको? एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा पाइप, बंदिस्त, गळत नाही, ओघळाचं पाणी आत येत नाही, खेकडे भोकं पाडत नाहीत.

४०० ला १ उतारात आतला व्यास २५० मिमी असेल तर तो पूर्ण भरून जेमतेम ३९ लिटर नेतो. म्हणून एक माप वरचा घ्या, बाहेरून ३१५ मिमी. कमी दाबाचा चालतो. ३५० मीटरचे वेल्ड जागेवर करावे लागतील, मशीन आणि जनरेटर वर चढवायचा खर्च धरा.

---

स्थापत्य_डोंबिवली

पूर्ण ३५० मीटर पाइपला माझा विरोध आहे, आणि तो फक्त खर्चाचा नाही. इतक्या सपाट उताराच्या पाइपमध्ये कुठे वर उचललं गेलं की हवा अडकते आणि प्रवाह अर्ध्यावर येतो, कुठे खाली झोपलं की गाळ बसतो. उघड्या पाटात अडथळा दिसतो, फावड्याने निघतो. पाइपमध्ये तो शोधण्यातच आठवडा जातो. शिवाय वणवा लागला की उघडा एचडीपीई वितळतो, म्हणजे तो जमिनीत गाडावा लागणार.

पण खचणाऱ्या ४०-५० मीटरला पाइपच घाला, तिथे आम्हा दोघांचं जमेल. जमीन थोडी हलली तर चिऱ्याची भिंत तुटते, एचडीपीई वाकतो. पाइपच्या आधी कुंडी आणि जाळी, नंतर कुंडी, आणि दोन्ही कुंड्यांचा तळ पाइपच्या तळापेक्षा ३० सेंमी खाली.

---

गिरणगाव_परळ

चक्की चालवायची आहे तर एक सुचवतो: वीज करून त्या विजेवर मोटर फिरवू नका. ३ हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते आणि साडेतीन किलोवॉटचं युनिट तिथेच मान टाकतं. टर्बाइनच्या शाफ्टवरून पट्टा थेट चक्कीला, दिवसा. रात्री तोच पट्टा काढून जनरेटरला. मधली दोन रूपांतरं वाचतात.

किती मिळेल तेही: पाट, गाळकुंडी, पाइपमधलं घर्षण वजा जाता १७ मीटर उरले असं धरलं तर ९.८१ × ०.०४ × १७ म्हणजे ६.७ किलोवॉट पाण्याची ताकद. टर्बाइन, पट्टा, जनरेटर मिळून ५५ टक्के धरले तर हातात साडेतीन-पावणेचार. डिसेंबरात १२ लिटर राहिलं तर एक किलोवॉटच्या आत-बाहेर. दिव्यांना पुरेल, चक्कीला नाही. हे मंडळाच्या बैठकीत आत्ताच सांगून टाका, म्हणजे नंतर रुसवे नकोत.

पाणी "बंद" कसं करायचं हाही मुद्दा आहे. उत्तराखंडातल्या घराटांत (पाणचक्क्यांत) लाकडी पन्हळीचं पाणी आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतं. चक्की थांबवायची तर पन्हळ किंवा फळी सरकवून धार बाजूला करतात, पाण्याचा प्रवाह चालूच राहतो. खोपोलीच्या वीजकेंद्राची पेल्टन चाकं (वाट्यांसारख्या पात्यांवर धार मारून फिरणारी) त्याच तत्त्वावर: धारेसमोर पत्रा आला की धार चाकावरून सरकते, तोटी मग सावकाश मिटते. १९१५ साली खोपोलीचं केंद्र सुरू झालं ते मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज द्यायला. शिरवता, वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी आधी जवळजवळ सपाट कालव्यांतून खंडाळ्याच्या कुंडापर्यंत, आणि तिथून नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली. कंत्राटदाराला हे दाखवा: एवढी उंची हाताशी असूनही सपाट भागात उतार उधळलेला नाही.

तुमच्याकडे क्रॉसफ्लो जातीचं टर्बाइन असेल तर दिव्यांसाठी इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर घ्या. दिवे बंद झाले की तो उरलेली वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवतो. टर्बाइनमधून पाणी तेवढंच जात राहतं, पाटात लाट मागे येत नाही, आणि हाताने व्हॉल्व्ह फिरवत बसावं लागत नाही. फ्लायव्हीलसारखा जड भाग असेल तर पट्टा सुटल्यावर वेग किती वाढतो ते बनवणाऱ्याकडून लिहून घ्या.

---

पोलादपूरकर_मुलुंड

थेट पट्ट्याची कल्पना मंडळाला आवडेल. गाळकुंडी आणि जाळीचं माप कोणी सांगेल का? आणि वर्षभर पाट राखायला काय काय लागतं?

---

लेव्हल_आणि_नळी

गाळकुंडी दारापासून जितकी जवळ तितकी बरी, पहिल्या सांडव्याच्या लगेच पुढे. ०.३ मिमीची वाळू संथ पाण्यात सेकंदाला साधारण ३ सेंमी खाली बसते. ४० लिटरला ०.०३ ने भागलं की १.३ चौ.मी. येतात. पाणी कधी पूर्ण संथ नसतं म्हणून दुप्पट: १ मीटर रुंद, ३ मीटर लांब. पाण्याची खोली ६० सेंमी, त्याखाली गाळाला ३० सेंमी, तळ मोरीकडे उतरता. पाट ३० सेंमीवरून एकदम १ मीटरला उघडू नका. पाणी मधूनच धार धरून सुटतं आणि दोन्ही कोपऱ्यांत नुसतं घुमत राहतं, गाळ बसतच नाही. रुंदी हळूहळू वाढवा, त्यासाठी दीड-दोन मीटर वेगळे सोडा. मोरी १५० मिमी, तिचं तोंड ओढ्याकडे.

कुंडावरची जाळी: २५ × ५ मिमीच्या पट्ट्या, मधे १२ मिमी मोकळे. टर्बाइनऐवजी उलटा चालवलेला पंप घेणार असाल तर ६ ते ८ मिमी, त्याची पाती अरुंद असतात. आडवे दांडे मागच्या बाजूने वेल्ड करा, पुढून नाही, नाहीतर दाताळं दर वेळी अडकतं आणि माणूस आठवड्यात साफ करायचं सोडतो. जमिनीशी ६० अंश कलती. पाण्याखालचा भाग ६० सेंमी रुंद, ७० सेंमी तिरका. गणिताने यापेक्षा निम्म्यात भागतं, पण अर्धी जाळी पानांनी भरलेली धरूनच माप घ्यायचं. पट्ट्या मुंबईत दारूखान्याच्या लोखंडबाजारात वजनावर मिळतात, कापून घेऊन गावी वेल्ड करा.

पाइपच्या डोक्यावर कुंडात निदान अर्धा मीटर पाणी उभं राहिलं पाहिजे. कमी असेल तर भोवरा होऊन हवा आत जाते, खाली टर्बाइन धडधडतं आणि सगळे बेअरिंग बदलत बसतात. आणि कुंडाच्या व्हॉल्व्हनंतर लगेच ५० मिमीची उभी हवानळी, तिचं तोंड कुंडाच्या काठाच्या वर. वरून पाणी बंद झालं आणि खालून वाहत राहिलं तर आत पोकळी होते, पातळ एचडीपीई चपटा होतो. हवानळी पाइपच्या मानाने काहीच किमतीची नाही.

---

पाटबंधारे_निवृत्त

राखणीबद्दल. खानदेशात पांझरा नदीवरच्या फडांवर (सामाईक पाटपाण्याच्या शेतीवर) पाटकरी नेमलेला असतो, त्याचं हेच काम. तुम्हालाही एक माणूस नेमून त्याला मोबदला द्यावा लागेल. "सगळे मिळून बघू" म्हटलेला पाट कोणी बघत नाही.

पावसाळ्यात त्याने रोज एकदा पाटाच्या काठाने पूर्ण चालायचं, हातात कुदळ आणि कोयता. बघायचं काय: भरावाच्या बाहेरच्या अंगाला ओल किंवा झिरपा आहे का. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर खूण करून ठेवा. झिरप्यात माती येत असेल तर पाणी तिथल्या तिथे अलीकडच्या सांडव्याला सोडा, तो भाग आतून पोखरतोय. खेकड्यांची बिळं मातीने वरवर बुजवून उपयोग नाही. बीळ उकरून टोकापर्यंत जायचं आणि चिकणमाती ओली करून ठोकत ठोकत भरायची. गिलाव्याच्या सांध्यात उंबर-पिंपळाचं रोप दिसलं की बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, दुसऱ्या वर्षी ते भिंतीसकट निघतं.

गाळकुंडी जुलै-ऑगस्टात रोज, ऑक्टोबरनंतर आठवड्याला. मोरी पूर्ण उघडून पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. जाळी पहिल्या पावसात दिवसातून तीन-चारदा, एरवी सकाळ-संध्याकाळ. जूनच्या पहिल्या दोन-तीन पुरांत मात्र दार पूर्ण बंद ठेवा. उन्हाळाभर डोंगरावर पडलेला पाला त्या पाण्यातच येतो, आणि तेव्हाची वीज त्या त्रासाच्या लायकीची नसते. दार मेअखेरीलाच खाली करून फळ्या लावा.

कागदोपत्रीही बघून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे ओढा-नाला सरकारचा असतो, त्यामुळे तहसीलमध्ये आधी विचारा. पाट वनजमिनीतून जात असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली (आता नाव वन संरक्षण एवं संवर्धन अधिनियम) वेगळी परवानगी लागते, पाट कितीही छोटा असो. आणि बंधारा ते चक्की या साडेतीनशे मीटरमध्ये ओढ्यावर कोणाची विहीर, बाग किंवा गुरांचा पाणवठा असेल तर त्यांच्याशी बोलून किती पाणी खाली सोडायचं ते ठरवा. बंधाऱ्यात त्या मापाचं कायमचं भोक ठेवा, दाराशिवाय. दार ठेवलं की भांडण ठेवलं.

---

पोलादपूरकर_मुलुंड

बंधाऱ्यातल्या भोकाचं माप कसं काढू? खाली दोन बागा आहेत, मिळून सेकंदाला ३ लिटर पुरतील असं ते म्हणतात.

---

लेव्हल_आणि_नळी

भोकाच्या मध्यापासून बंधाऱ्यातल्या पाण्याची उंची ४० सेंमी धरली तर वेग २.८ मीटर, आकुंचनाचा गुणक (भोकातून निघताना धार निमुळती होते म्हणून) ०.६, म्हणजे साधारण १८ चौ.सेंमी. आतून ५० मिमी व्यासाचा आखूड नळ बसवा, थोडं जास्तच जाईल, चालेल. तोंडाशी जाळीचा पिंजरा ठेवा आणि नळ दाराच्या फटीपेक्षा खाली घ्या, म्हणजे डिसेंबरात पाणी उतरलं की आधी बागांना मिळेल आणि मग पाटाला.